गाडीला पापणी

२ मार्च

चि. फूटपट्टी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो, मग बाकीचं. अक्का कशी आहे? तिचं ब्लडप्रेशर जागेवर आहे ना? दुपारची गोळी ती खरंच गिळते की तुझी पाठ वळली की कुंडीत टाकते? जावईबापूंची कंबर काय म्हणते? दिवसभर फळ्यापुढे उभं राहायचं म्हणजे मुलांपेक्षा कंबरेचीच परीक्षा जास्त. आमच्या चिमणीचा पुढचा दात आला का, की अजून खिडकी उघडीच? तुझा खोकला? नकाशा कचेरीत जुन्या कागदांची धूळ खातेस, नाकाला रुमाल बांधत जा. आणि घरातलं नवं माणूस, म्हणजे ती गाडी, तिची तब्येत कशी आहे? ओरखडा पडला का? पहिला ओरखडा लवकर पडलेला बरा, मग माणूस निवांत होतो.

मी ठणठणीत. शेजारचे घड्याळजीही ठणठणीत. दुकान बंद करून त्यांना सात वर्षं झाली, तरी भिंग खिशात घालूनच फिरतात आणि मी दाराशी चहा घेऊन बसलो की किती मिनिटं उशीर झाला ते सांगतात.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर तू बोललीस त्यातलं निम्मं माझ्या कानाने खाल्लं. पण गाडीसाठी शेड करायची आहे आणि कुठली घ्यावी असं विचारत होतीस, एवढं पक्कं ऐकलं. पोरी, कल्पना झकास आहे. चाळीस वर्षं गाड्यांची सीट-कव्हरं शिवली, उन्हाने किती सीटा तडकल्या ते मला विचार. चार लोखंडी खांब रोव, वर पत्रा टाकू नकोस, तापतो. जाड ताडपत्री घे आणि उतार मागे दे. फक्त एक कळेना. तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, खालची जागा सगळ्या बिऱ्हाडांची. खांब रोवायला शेजारी हो म्हणतील?

आणि निघताय कधी? बसचा धक्का अक्काला सोसत नाही म्हणूनच तर गाडी घेतलीत ना? चार वर्षं झाली तिला बघून. पुढच्या खोलीला रंग दिला आहे. तिची खाट खिडकीपासून लांब सरकवली आहे, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यावर यायचं नाही. तारीख तेवढी कळव.

उलट टपाली लिही. खांबांचं माप मी सांगतो.

तुझा मामा

९ मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

शेड नाही हो मामा, सनशेड! गाडी उभी करताना पुढच्या काचेला आतून लावायचा पडदा. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचत होते. चार खांबांपाशी आले तेव्हा हे हसून हसून खुर्चीवरून घसरायचे राहिले. त्यावरून कंबर ठीक आहे असं समजा. चिमणीचा दात अर्धा आला आहे. माझा खोकला गेला. गाडीला पहिला ओरखडा ह्यांनीच पाडला आणि अजून निवांत झालेले नाहीत. आई बरी आहे.

तर पडद्याचं. महिन्याभरात तीन आणले. पहिल्यावर लिहिलं होतं, ‘सगळ्या गाड्यांना बसतो’. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंना चार-चार बोटं फट राहते आणि त्या फटीतून ऊन बरोबर सीटवर पट्टा मारतं. दुसरा रबराच्या वाट्यांनी काचेला चिकटतो. म्हणजे चिकटायला हवा. दुपारी परत येऊन बघावं तर साहेब खाली लोळत पडलेले असतात. तिसरा छत्रीसारखा उघडतो. तो बरा वाटला होता, पण आरशाशेजारी काचेला कॅमेऱ्याची एक डबी आहे, तिच्यावर छत्रीची काडी अडते आणि तो कोपरा उघडाच राहतो.

नकाशा कचेरीत मी नदीचा काठ केसाएवढ्या रेघेने काढते, आणि मला एका काचेचा पडदा निवडता येत नाही. घडीचा घ्यावा की गुंडाळीचा? चंदेरी की पांढरा? तुम्ही सांगाल तो घेते. पण लवकर हवा.

तुमच्याकडे यायचं पुढे बघू. कचेरीत काम फार आहे.

तुमची
फूटपट्टी

१५ मार्च

चि. फूटपट्टीस आशीर्वाद.

पत्र घड्याळजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ताडपत्री!” आणि दहा मिनिटं हसले. हसताना घड्याळ बघत नव्हते, म्हणून दहा मी मोजली.

हसून झाल्यावर मात्र पत्र पुन्हा वाचलं. चिमणीच्या दातावर एक वाक्य, ओरखड्यावर एक वाक्य आणि तुझ्या आईवर तीन शब्द आणि एक पूर्णविराम. सात वर्षांची असताना माझी मोठी कात्री दगडावर घासून बोथट केलीस, तेव्हाही विचारल्यावर असंच म्हणालीस, “कात्री बरी आहे.” एका पडद्यासाठी कुणी महिन्यात तीन खेपा घालत नाही. आणि “पुढे बघू” हे तुझं बोलणंच नाही, तू तारखेची माणूस. काय झालंय ते सरळ लिही. मामा काही काचेचा नाही.

पडद्याचं म्हणशील तर चौथा आणू नकोस. सगळ्या गाड्यांना बसतो म्हणे! सगळ्यांना बसणारा सदरा मी शिवला असता तर तो गावात कुणी घातला असता का? डोळ्याला पापणी लागते, अगं, आणि ती त्याच डोळ्याची असावी लागते. तुझ्या गाडीची पापणी मी शिवतो.

माप असं घे. फूटपट्टी घरी ठेव. पार्सलला वापरतात तो जाड खाकी कागद आण. गाडी सावलीत लाव, आत बस आणि कागद काचेवर आतून चिकटपट्टीने लाव. मग अंगठ्याच्या नखाने काचेची कड चेप, सगळीकडून. नखाला जी घडी सापडते ती पट्टीला सापडत नाही. आरसा आणि ती डबी, दोन्हींभोवती कापून घे. घडीवर जाड पेनाने रेघ ओढ. शेवटी उजव्या खालच्या कोपऱ्यात एक फुली मार, म्हणजे कागदाची सुलट बाजू मला कळेल. (उजवं म्हणजे कुठलं यावरून आपल्या घरात भांडणं झाली आहेत, पण तू शिकलेली आहेस.)

कागद पाठव, आणि त्याच्याबरोबर खरं काय ते पाठव. वाट बघतो.

मामा

२३ मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पकडलंत.

गाडी आली त्या आठवड्यात आईला तपासणीला घेऊन गेले. दवाखान्यासमोरच्या मोकळ्या मैदानात गाडी लावली. आत दीड तास गेला. बाहेर आलो तेव्हा मला कचेरीत परत जायचं होतं, घाई होती. दारं उघडून पाच मिनिटं वारा खेळू द्यायचा, एवढं साधं मला सुचलं नाही. आईला पुढे बसवलं. सीटच्या पट्ट्याचं तापलेलं लोखंड तिच्या मनगटाला लागलं, चटका बसला, पण ती बोलली नाही. मी गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत पोचेतो ती पांढरीफटक. तसंच वळवून परत दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं होतं. मामा, आता ती खरंच बरी आहे, डॉक्टरीणबाईंनी प्रवासालाही हरकत नाही म्हटलंय. मनगटावर डाग राहिलाय तेवढा.

पण त्या दिवसापासून ती गाडीत बसत नाही. गाडीत काय, जिना उतरून खालीही येत नाही. “त्या डब्यात मला पुन्हा बसवू नका,” एवढंच. मी म्हटलं, “आणि मामांकडे जायचं ते?” तर म्हणते, “त्याला सांग, फोटो पाठव.”

तिच्यासाठीच घेतलेली गाडी, आणि तिलाच तिची धास्ती बसवली मी. तीन पडदे त्यासाठी आणले. वाटलं, आतून गार असलेली गाडी तिला एकदा दाखवता आली तर हात लावून तरी बघेल. तुम्ही खोलीला रंग दिल्याचं वाचलं आणि तुम्हाला कळवायचा धीरच होईना.

कागद सोबत आहे. नखाने घडी चेपली. खरंच पट्टीपेक्षा नेमकी आली. रेघ ओढताना पेन फुटलं आणि शाई कागदाच्या आरपार गेली, तेवढं सांभाळून घ्या. फुली ‘उजव्या’ कोपऱ्यात मारली आहे. काळजी नको, मी तुमचीच भाची.

आणि मामा, गेल्या पत्रात तुमच्या ओळी डोंगर चढत होत्या. डोळे तपासून घेतलेत ना?

फूटपट्टी

८ एप्रिल

चि. फूटपट्टीस आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मग घड्याळजी म्हणाले, “बसून काय राहिलात, पोरीने लवकर म्हटलंय.” तिसऱ्या दिवशी कापड बेतायला घेतलं.

स्वतःला टोचत बसू नकोस. उन्हात तापलेल्या गाडीत मी शेकडो वेळा बसलो आहे, गिऱ्हाइकांना बसवलं आहे, आणि माझ्याही डोक्यात आलं नसतं. चूक कळली ना, मग तिची शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. त्यात रडायचं काय?

आता पार्सल उघड. बाहेरून चंदेरी कापड आहे, ते ऊन परतवेल. मध्ये पातळ फोम. आतून अस्तर. ते घरातलंच एक जुनं कापड आहे, पिवळ्या फुलांचं. आतल्या बाजूला असल्यामुळे रस्त्यावरून कुणाला दिसायचं नाही, तेव्हा कचेरीतले हसतील म्हणून घाबरू नकोस. कडेला गोट शिवून त्यात पातळ तार घातली आहे, म्हणजे कोपरे ताठ राहतील. वरून, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून असतात त्या दोन झडपा खाली पाडल्यास की पडदा जागच्या जागी, रबराच्या वाट्याबिट्या काही नाहीत. डबीसाठी खाच ठेवली आहे. त्या खाचेवरून घड्याळजींचं आणि माझं भांडण झालं. ते म्हणाले, अर्धा केस मोठी आहे. मी म्हटलं, गाडी आहे ती, घड्याळ नव्हे.

कागदाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या, पण तुझी फुली होती म्हणून अडलं नाही.

माझे डोळे ठीक आहेत. टेबलाचा एक पाय आखूड झालाय, म्हणून ओळी चढतात.

लावून बघ आणि कसा बसला ते ताबडतोब कळव. अक्काला माझा नमस्कार सांग. फोटो पाठवणार नाही म्हणावं.

मामा

१४ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

कसं सांगू? पडदा अगदी नेमका बसला. फक्त उलटा.

चंदेरी बाजू बाहेर करून लावला तर खाच एकीकडे आणि डबी दुसरीकडे. मी चक्रावले. मग पडदा फिरवून धरला, तर असा बसला की नख शिरवायला जागा नाही. पण चंदेरी बाजू आत, आणि तुमची पिवळी फुलं सगळ्या रस्त्याला तोंड करून!

तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मामा, तुम्ही डावरे. ज्या हाताने कात्री धरता त्याला तुम्ही जन्मभर उजवा म्हणत आलात. तुम्ही ‘उजव्या कोपऱ्यात फुली’ लिहिलंत, म्हणून मी समजून-उमजून डाव्या कोपऱ्यात मारली. आणि तुम्ही माझ्या फुलीला जगाचा उजवा धरलात, होय ना?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पडदा तसाच लावून मी वर आले. अर्ध्या तासाने आई सज्ज्यातून ओरडली, “खाली त्या गाडीत काय लावलंयस?” मी सांगेपर्यंत बाई चपला घालून जिन्यात! दोन महिन्यांत पहिल्यांदा. कठडा धरून तीन मजले उतरली, मी मागे मागे. काचेशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हा माझ्या खिडकीचा पडदा आहे.”

मग तिच्याकडून मला कळलं. तुम्ही नऊ वर्षांचे. शिवणाच्या दुकानातले मास्तर डाव्या हाताने कात्री धरली म्हणून बोटांवर गज मारायचे. शिकायला हक्काचं कापड कुठलं? तेव्हा आईने स्वतःच्या खिडकीचा पडदा काढून तुम्हाला दिला. वर म्हणाली, “ज्या हाताने काम होतं तो उजवा, मास्तरला काय कळतंय.” आजीची बोलणी तिने खाल्ली आणि तो उन्हाळाभर सकाळचं ऊन तोंडावर घेत झोपली. खाट खिडकीपासून लांब का सरकवलीत, ते मला आता कळलं.

मी दार उघडलं. तिने आत वाकून पडदा काढला आणि कडेवर बोट फिरवलं. “ही बघ त्याची पहिली टीप. चक्कर आलेली गोगलगाय चालल्यासारखी.” खूप हसली. मग नव्या शिवणीवर पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मला म्हणाली, “हीसुद्धा तशीच आहे गं. चाळीस वर्षं शिवणाऱ्या माणसाची टीप अशी येते? धाकट्याला दिसत नाहीये.”

मामा, टेबलाचा पाय आखूड आहे की आणखी काही? आई विचारते आहे. उत्तर आल्याशिवाय ती नीट जेवणार नाही, तेव्हा लगेच लिहा.

फूटपट्टी

१९ एप्रिल

चि. फूटपट्टीस आशीर्वाद.

तुझ्या आईपुढे माझं कधी काही लपलंय का? पकडायचा धंदा मायलेकींनी मिळून काढलेला दिसतो.

खरं लिहितो. दोन वर्षं झाली, डोळ्यात मोती वाढतोय. एकाने अंधुक, दुसऱ्याने त्याहून अंधुक. मशीनवर चादर टाकून ठेवली होती. शिवणाऱ्याला सुई दिसत नाही हे कुणाला सांगायचं? तुझा कागद आला तेव्हा चादर काढली. घड्याळजींनी भिंग लावून सुईत दोरा ओवला, रेघेवर बोट ठेवून ते “सरळ, सरळ, वळा” करत राहिले आणि मी पाय मारत राहिलो. दोघं मिळून एक शिंपी झालो. कोपऱ्याच्या टिपा हाताने घातल्या, त्या तर मी नुसत्या चाचपून घातल्या आहेत. तरीही वाटलं, चंदेरी कापडावर कुणाला कळणार? कळणारी एकच होती आणि नेमकी तिनेच बोट फिरवलं.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, साधं काम आहे, सकाळी या, दुपारी घरी. पण घरी औषधाचे थेंब घालायला माणूस हवं. घड्याळजी तयार आहेत, पण ते मिनिटावर थेंब मोजतील आणि माझा जीव घेतील. म्हणून मी टाळत आलो. भीतीही वाटते. अक्का डब्यात बसायला घाबरते, मी टेबलावर आडवं व्हायला घाबरतो. एका आईची लेकरं, दुसरं काय.

उलट्या पडद्याबद्दल हात जोडतो. तू माझ्यासाठी डावीकडे वळलीस, मी तुझ्यासाठी उजवीकडे वळलो, आणि दोघं मिळून काचेवर आपटलो! घड्याळजींना सांगितलं तर म्हणतात, “एकमेकांची एवढी काळजी घेणारी माणसं धोकादायक.”

दुरुस्ती करून देईन. पण आमच्या धंद्याचा नियम तुला ठाऊक आहे. फिटिंग बिघडलं तर गिऱ्हाईक ट्रायलला स्वतः यावं लागतं, टपालाने ट्रायल होत नाही. गाडी आणायला हवी. आणि गाडी ज्यांच्यासाठी घेतली त्या बाई आल्या तर त्यांचंही माप घेईन. जबरदस्ती नाही. तोवर फुलं बाहेर करूनच लाव. चंदेरीएवढं नाही, पण ऊन अडेल.

काय ठरतं ते लवकर कळव. मी काही वाट बघत नाही. (बघतो आहे.)

मामा

२७ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आईने माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोनदा. मग म्हणाली, “थेंब मी घालणार. तो घड्याळवाला नाही.”

मी विचारलं, “आणि जायचं कसं?”

“बघू तुझी ती गाडी,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चिमणीने परीक्षा घ्यायची ठरवलं. फेब्रुवारीत तिचे मेणाचे खडू काचेखालच्या फळीवर वितळून त्यांचा एकच सप्तरंगी खडू झाला होता. तिने नवा निळा खडू तिथे ठेवला, फुलांचा पडदा लावला, आणि सबंध दुपार गाडी उन्हात. तीन वाजता आम्ही सगळे खाली. ह्यांनी चारही दारं उघडली. मी म्हटलं, “पाच मिनिटं.” आई म्हणाली, “दहा. आता घाई करायची नाही.” ती सावलीत उभी, मी तिच्या शेजारी, दोघी घड्याळाकडे बघत.

निळा खडू थोडा मऊ झाला होता, पण होता तसाच उभा होता. चिमणीने तो झेंड्यासारखा नाचवला. मग आईने हात लांब करून पट्ट्याच्या लोखंडाला आधी एक बोट लावलं, मग दोन, मग मुठीत धरलं. “कोमट आहे,” म्हणाली आणि आत बसली. पडदा काढू दिला नाही. फुलांच्या मागे दहा मिनिटं डोळे मिटून बसली. मी विचारलं, “भीती वाटतेय का?” तर म्हणते, “वाटतेय. पण धाकट्याला जास्त वाटत असेल.”

येत्या रविवारी उजाडता निघतो. वाटेत दोनदा सावली बघून थांबू, म्हणजे ऊन चढायच्या आत तुमच्या दाराशी. डॉक्टरीणबाईंकडे तारीख घेऊन ठेवा, हा आईचा हुकूम आहे. आणि सुई-दोरा तयार ठेवा, ट्रायलला येतोय.

तारीख मिळाली की दोन ओळी लिहा.

फूटपट्टी

२१ मे

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझं मी लिहितोय आणि ओळी बघ, पट्टीने आखल्यासारख्या! टेबलाचा पाय बरा झाला असं अक्का सर्वांना सांगते.

तुम्ही सगळे ठीक ना? जावईबापूंची कंबर इतकं चालवून जागेवर आहे? चिमणीचा दात पूर्ण? तू?

तुम्ही तिला सोडून गेलात त्याच्या पाचव्या दिवशी काम झालं. आत नेण्याआधी परिचारिकेने विचारलं, “कुठला डोळा?” मी म्हटलं, “उजवा.” अक्का ताडकन उठली. “थांबा! ह्याचा उजवा म्हणजे डावा!” मग डॉक्टरीणबाई आल्या, कागद बघितला, आणि माझ्या कपाळावर बरोबर त्या डोळ्याच्या वर पेनाने फुली मारली. अक्काने वाकून फुली तपासली, मग घड्याळजींनी भिंगातून तपासली, मगच मला आत सोडलं. आडवा झालो तेव्हा भीती वाटायच्या ऐवजी हसूच येत होतं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, “हलू नका.”

पट्टी काढली त्या सकाळी पहिल्यांदा अक्का दिसली. किती पिकली गं! ती म्हणाली, “तूही काही कळी नाहीस.” मग तिच्या मनगटावरचा डाग दिसला. पुष्कळ फिका झालाय.

पडद्याची नवी खाच डबीवर नीट बसतेय ना? तू निघायच्या घाईत होतीस म्हणून नीट सांगायचं राहिलं. चुकीची खाच मी बुजवली नाही. तिच्यावर झाकण शिवलं आहे, आणि दुसऱ्या बाजूलाही खाच कापून तिलाही तसंच झाकण दिलं आहे. म्हणजे पडदा दोन्हीकडून बसतो. कडक उन्हात चंदेरी बाजू बाहेर ठेव. थंडीचे दिवस आले की फुलं. झाकणांवरची शिवण बघशील तर गोगलगाय दिसेल. तेव्हा डोळा व्हायचा होता आणि दोरा अक्का ओवत होती. आता उसवून सरळ करतो म्हटलं तर ती करू देत नाही.

मशीनवरची चादर घडी करून कपाटात गेली आहे. घड्याळजींच्या टेबलासाठी आच्छादन शिवतोय. ते अर्ध्या केसाचा हट्ट धरून बसलेत आणि अक्का त्यांना चहा द्यायला मुद्दाम उशीर करते. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात मिळतेय. थेंब घालायला माणूस लागणारच.

सकाळी ऊन येतं तेव्हा तिची खाट सावलीत असते. उठवायला जातो तर ओरडते, झोपू दे म्हणून.

सगळ्यांची खुशाली सविस्तर लिही. उत्तर लवकर पाठव. तिला न्यायला मात्र उशिरा ये.

तुझा मामा

(खाली अक्काच्या अक्षरात) गाडी सावलीत लावत जा. गोळ्या गिळते आहे. घाई करू नकोस.